राष्ट्राध्यक्ष कोणी निवडावा? अप्रत्यक्ष निवडणुकीचे फायदे आणि तोटे



१ सप्टेंबर २०२३ रोजी सिंगापूरच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले. सार्वजनिक सुट्टी होती. टॅम्पिनीसमध्ये शाळांत आणि ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये मतदानाची सोय केलेली होती. ज्यांनी इथले नागरिकत्व घेतले आहे ती मंडळी सकाळीच मत देऊन आली आणि पीआर किंवा एम्प्लॉयमेंट पासवर असलेली मंडळी घरीच राहिली. एकाच घरात मुलाकडे लाल पासपोर्ट आणि आईवडिलांकडे निळा, असे चित्र आपल्यात काही नवे नाही. अशा घरांत एक प्रश्न हमखास निघतो. "बाबा, तुम्ही भारताच्या राष्ट्रपतींना कधी मत दिलंय का?"

उत्तर अर्थातच "नाही". बाबांनीच काय, आजोबांनीही दिलेले नाही. भारताचा राष्ट्रपती आमदार आणि खासदार निवडतात. इथे वाढलेल्या मुलांना हे जरा विचित्र वाटते. देशाचा पहिला नागरिक, आणि त्याला नागरिकांनी मतच द्यायचे नाही?

गंमत म्हणजे सिंगापूरमध्येही १९९३ पर्यंत हीच पद्धत होती. एकाच देशाने एकाच पदासाठी दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या, त्यामुळे तुलना करायला आपल्याला लांब जावे लागत नाही. दोन्ही पद्धतींची ही माहिती एकत्र केली आहे. मुलांच्या प्रश्नांना उत्तर देताना उपयोगी पडेल.

अप्रत्यक्ष निवडणूक म्हणजे काय?

मतदार स्वतः राष्ट्राध्यक्ष निवडत नाही. तो आधी आपला प्रतिनिधी निवडतो आणि ते प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष निवडतात. याचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

१. फक्त संसदेने निवडणे. सिंगापूरची १९९३ पूर्वीची पद्धत ही होती. लेबाननमध्ये आजही आहे.

२. संसद आणि राज्यांचे प्रतिनिधी यांनी मिळून निवडणे. भारत, जर्मनी आणि इटली या गटात येतात.

३. केवळ याच कामासाठी निवडलेले निर्वाचक मंडळ. अमेरिकेची पद्धत ही आहे. तिथे मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचेच नाव असते, पण हिशेब राज्यवार होतो. म्हणून २००० आणि २०१६ साली देशभरात कमी मते मिळालेला उमेदवार निवडून आला.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष सरकार चालवतो. भारत आणि सिंगापूरमध्ये सरकार पंतप्रधान चालवतात. त्यामुळे पुढे मुख्यतः याच दोन देशांकडे पाहू.

भारतात मते कशी मोजतात?

राज्यघटनेच्या ५४ व्या कलमाप्रमाणे लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मतदान करतात. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या आमदारांनाही मत आहे. राष्ट्रपतींनी नेमलेल्या राज्यसभा सदस्यांना आणि विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही.

प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य वेगळे असते. राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि पुन्हा १००० ने भागायचे. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख आणि आमदार २८८. म्हणून एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आणि सगळ्या राज्याचे मिळून ५०,४००. उत्तर प्रदेशात एका आमदाराचे मूल्य २०८, गोव्यात २०, सिक्कीममध्ये ७. सगळ्या आमदारांच्या मूल्यांची बेरीज करून ती खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराच्या मताचे मूल्य निघते. २०२२ साली ते ७०० होते. म्हणजे सर्व राज्ये मिळून एका पारड्यात आणि संसद दुसऱ्या पारड्यात, दोन्ही जवळजवळ समान वजनाची.

मतदान गुप्त असते आणि पसंतीक्रमाने होते. नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. पक्षाला व्हिप काढता येत नाही. जिंकायला निम्म्याहून अधिक मूल्याची मते लागतात. कोणालाच ती मिळाली नाहीत तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांना जातात.

ही पद्धत सहजासहजी स्वीकारली गेली नव्हती. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी राष्ट्रपतीची निवड थेट प्रौढ मतदानाने व्हावी अशी सुधारणा मांडली. पंडित नेहरूंचे म्हणणे होते की आपण मंत्रिमंडळाची जबाबदार पद्धत स्वीकारतो आहोत. कोट्यवधी लोकांनी एखाद्याला निवडायचे आणि त्याला खरे अधिकार मात्र द्यायचे नाहीत, हे विसंगत होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मतदारांची प्रचंड संख्या, अपुरी यंत्रणा आणि राष्ट्रपतीचे मुख्यतः नामधारी स्थान ही कारणे दिली. शहांची सूचना मान्य झाली नाही.

१९६९ ची लढत आणि चिंतामणराव देशमुख

अप्रत्यक्ष निवडणूक म्हणजे आधीच ठरलेला निकाल, असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा ते खरेही असते. २००२ साली डॉ. कलाम यांना ९,२२,८८४ मूल्याची मते मिळाली आणि कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना १,०७,३६६. १९७७ साली तर नीलम संजीव रेड्डी बिनविरोधच निवडून आले.

पण १९६९ ची गोष्ट वेगळी. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार तेव्हाही रेड्डीच होते. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले आणि इंदिरा गांधींनी काँग्रेसच्या आमदार-खासदारांना सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले. तिसरे प्रमुख उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रीपद सोडणारे ते हेच. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती, ती कोणाकडेच नव्हती. मग बाद उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. त्यातली बरीच मते रेड्डींकडे वळली, पण गिरी शेवटी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. त्याच वर्षी काँग्रेस फुटली. आमदार-खासदारांनी केलेली निवडसुद्धा देशाचे राजकारण हलवू शकते, हे तेव्हा दिसले.

दुसरा मराठी प्रसंग २००७ चा. प्रतिभाताई पाटील भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांना ६,३८,११६ आणि भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मते मिळाली. शिवसेना तेव्हा भाजपच्या आघाडीत होती, तरी मराठी व्यक्ती राष्ट्रपती होते आहे म्हणून तिने प्रतिभाताईंना मत दिले. या निवडणुकीत व्हिप नसतो, त्यामुळे असे वेगळे मत देण्यात नियमाची अडचण येत नाही.

सिंगापूरने काय केले?

९ ऑगस्ट १९६५ पासून १९९३ पर्यंत सिंगापूरची संसद राष्ट्राध्यक्ष निवडत असे. मुदत चार वर्षांची. युसुफ इशाक, बेंजामिन शिअर्स, देवन नायर आणि वी किम वी हे चौघे असे निवडले गेले. देवन नायर १९८१ साली ॲन्सनचे खासदार होते. राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे त्यांची जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणुकीत जे. बी. जयरत्नम जिंकले. १९६८ पासून संसदेत एकही विरोधी सदस्य निवडून आला नव्हता, ती परंपरा तिथे संपली.

१९८४ साली ली क्वान यू यांनी थेट निवडलेल्या राष्ट्राध्यक्षाची कल्पना मांडली. कारण होते देशाची गंगाजळी. उद्या एखादे उधळे सरकार निवडून आले आणि त्याने साठवलेले सगळे पैसे वाटून टाकले तर? बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात तशी एक किल्ली सरकारकडे आणि दुसरी राष्ट्राध्यक्षाकडे असावी, असा विचार होता. सरकारला "नाही" म्हणायचे तर त्या माणसामागे लोकांचा स्वतंत्र कौल हवा. संसदेने निवडलेला माणूस त्याच संसदेतल्या बहुमताला कसा अडवणार? १९९१ साली घटना बदलली. गंगाजळी आणि सरकारी उच्चपदांवरच्या नेमणुका यांवर राष्ट्राध्यक्षाला नकाराधिकार मिळाला, आणि मुदत सहा वर्षांची झाली.

२८ ऑगस्ट १९९३ रोजी पहिली थेट निवडणूक झाली आणि ओंग तेंग चिओंग ५८.७ टक्के मते घेऊन निवडून आले. त्यानंतरचा हिशेब असा:

१९९९: एस. आर. नाथन, बिनविरोध.
२००५: एस. आर. नाथन, बिनविरोध.
२०११: टोनी टॅन, ३५.२ टक्के मतांनी. दुसऱ्या क्रमांकावरच्या टॅन चेंग बॉक यांना ३४.८५ टक्के.
२०१७: हलीमा याकोब, बिनविरोध.
२०२३: थर्मन षण्मुगरत्नम, ७०.४ टक्के मतांनी.

म्हणजे आजवर सहा निवडणुका आणि त्यांतल्या तीनमध्ये मतदानच नाही. याचे मुख्य कारण उमेदवारीच्या कडक अटी. मंत्री, सरन्यायाधीश, सभापती अशा पदांचा किंवा मोठी कंपनी चालवल्याचा अनुभव लागतो. २०१६ च्या बदलानंतर खासगी क्षेत्रातून येणाऱ्याच्या कंपनीचे भागभांडवल आणि राखीव निधी मिळून सरासरी ५० कोटी डॉलर असावे लागतात. दुसरा बदल राखीव निवडणुकीचा. एखाद्या समाजाचा राष्ट्राध्यक्ष सलग पाच मुदतींत झाला नसेल तर पुढची निवडणूक त्या समाजासाठी राखीव होते. २०१७ ची निवडणूक अशीच मलाय समाजासाठी राखीव होती.

अप्रत्यक्ष निवडणुकीचे फायदे

१. पद आणि अधिकार यांचा मेळ बसतो. ज्याने पंतप्रधानांच्या सल्ल्याने वागायचे आहे त्याने प्रचारात "मी महागाई कमी करीन" असे सांगायची वेळ येत नाही. सिंगापूरच्या २०११ च्या प्रचारात सरकारच्या धोरणांवर इतकी चर्चा झाली की राष्ट्राध्यक्षाला नेमके कोणते अधिकार आहेत हे सरकारला पुन्हा समजावून सांगावे लागले.

२. एका देशात दोन सत्ताकेंद्रे होत नाहीत. जर्मनीत १९१९ ते १९३२ या काळातली थेट निवडणूक आणि राष्ट्राध्यक्षाचे व्यापक अधिकार यांचा कटू अनुभव होता, म्हणून १९४९ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाची निवड लोकप्रतिनिधींकडे दिली गेली. तुर्कस्तानने उलटा रस्ता धरला. तिथे २०१४ साली पहिल्यांदा थेट निवडणूक झाली आणि २०१७ च्या सार्वमताने सगळी कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे गेली. थेट निवडून आलेला माणूस नामधारी राहायला सहसा राजी नसतो. आयर्लंड आणि ऑस्ट्रियात थेट निवडलेले राष्ट्राध्यक्ष मर्यादेत वागत आले आहेत, हेही सांगायला हवे.

३. लहान समाजांना संधी देता येते. सिंगापूरच्या संसदेने निवडलेल्या चौघांत एक मलाय, एक युरेशियन, एक भारतीय आणि एक चिनी वंशाचे होते. त्यासाठी कोणताही राखीव नियम लागला नाही. भारतात झाकीर हुसेन, झैलसिंग, के. आर. नारायणन, प्रतिभाताई, द्रौपदी मुर्मू ही नावे पाहा. थेट निवडणुकीत मोठ्या समाजाचा उमेदवार पुढे जातो ही भीती असते. मात्र ७० टक्के मते घेऊन भारतीय वंशाचे थर्मन निवडून आले, त्यामुळे ही भीती दरवेळी खरी ठरते असे नाही.

४. खर्च आणि कटुता कमी. सिंगापूरचे सुमारे २७ लाख मतदार एका दिवसात मत देऊ शकतात. भारतात २०२४ च्या लोकसभेसाठी नोंदलेले मतदार ९६ कोटींहून अधिक होते. नामधारी पदासाठी एवढा पसारा मांडायचा का, हा आंबेडकरांचा मुद्दा आजही लागू आहे.

५. राज्यांना वजन मिळते. भारतात निम्मे मूल्य आमदारांकडे असल्यामुळे राष्ट्रपती केवळ दिल्लीतल्या बहुमताचा राहत नाही.

अप्रत्यक्ष निवडणुकीचे तोटे

१. सत्ताधारी पक्षाचाच माणूस निवडला जातो. संसदेत आणि राज्यांत बहुमत असले की पक्षश्रेष्ठींनी नाव जाहीर केले त्याच दिवशी निकाल कळतो. मग विधेयकावर किंवा राष्ट्रपती राजवटीवर सही करताना तो प्रश्न विचारील का, ही शंका राहते.

२. लोकांचा सहभाग राहत नाही. राष्ट्रपती कसा निवडतात हे शाळेत पाठ करून परीक्षेनंतर विसरले जाते.

३. कोंडी होऊ शकते. बहुमत जमले नाही तर पद रिकामेच राहते. मोल्दोव्हाच्या संसदेला सप्टेंबर २००९ ते मार्च २०१२ या काळात राष्ट्राध्यक्ष निवडता आला नाही. लेबाननमध्ये ऑक्टोबर २०२२ ते जानेवारी २०२५ पर्यंत पद रिकामे होते. भारतात पसंतीक्रमामुळे ही अडचण येत नाही.

४. देवघेव होते. मतदार थोडे असले की एकेका मताची किंमत वाढते. आपल्याकडे याला घोडेबाजार हा चपखल शब्द आहे.

५. मतांची मूल्ये जुनी होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख होती, पण राष्ट्रपती निवडताना आजही ५ कोटी ४ लाखच धरतात. कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून १९७१ चे आकडे गोठवले गेले. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की हा हिशेब बदलेल. दक्षिणेकडच्या राज्यांना त्याची काळजी वाटते ती यामुळेच.

थेट निवडणुकीने हे तोटे जातात का?

काही जातात, पण नवे येतात. २०११ साली सिंगापूरमध्ये ३५ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष ठरला. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांची पहिली निवड दुसरीच कोणीतरी होती. पसंतीक्रम असता तर १९६९ सारखी पुढची मोजणी झाली असती आणि विजेत्यामागे निम्म्याहून अधिक मते उभी राहिली असती. थेट निवडणुकीत अशी दुसरी फेरी ठेवता येते, पण इथे ती ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. लोकांचा कौल ज्या दुसऱ्या किल्लीसाठी आणला, ती किल्ली मोठ्या संकटात दोनदा फिरली. २००९ च्या मंदीत राष्ट्राध्यक्ष नाथन यांनी ४.९ अब्ज डॉलर काढायला संमती दिली. कोविडच्या काळात राष्ट्राध्यक्ष हलीमा यांच्या संमतीने तीन वर्षांत सुमारे ४० अब्ज डॉलर वापरले गेले. दोघेही बिनविरोध निवडून आलेले होते. निर्णय चुकले असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या कौलासाठी पद्धत बदलली तो मतपेटीतला कौल त्या दोन्ही वेळी नव्हता.

ही अडचण जाणकारांच्याही लक्षात आली होती. सरन्यायाधीश सुंदरेश मेनन यांच्या अध्यक्षतेखालच्या २०१६ च्या घटनात्मक आयोगाने, आपल्या कार्यकक्षेबाहेरचा मुद्दा आहे हे मान्य करून, एक वेगळी वाट सुचवली. राष्ट्राध्यक्ष पूर्वीप्रमाणे संसदेने निवडावा आणि गंगाजळीची राखण तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाकडे द्यावी, याचा विचार व्हावा असे आयोगाने म्हटले. सरकारने ती सूचना स्वीकारली नाही. राखणदाराला नकार देण्याचे बळ लोकांच्या मतातूनच मिळते, अशी सरकारची भूमिका राहिली.

गावाकडचा ताजा अनुभव

हा वाद फक्त राष्ट्राध्यक्षांपुरता नाही. सुट्टीत गावी गेलो की पारावर याच विषयावर वाद ऐकू येतो, फक्त पद सरपंचाचे असते. २०१७ साली महाराष्ट्रात सरपंच थेट गावाने निवडायला सुरुवात झाली. २०२० साली सरकार बदलल्यावर सरपंच निवडणे पुन्हा सदस्यांकडे गेले. २०२२ साली पुन्हा थेट निवडणूक आली. नगराध्यक्षांचीही अशीच ये-जा झाली, आणि डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांत नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडले.

सदस्यांनी निवडायचे असले की निवडीआधी सदस्यांना "सहलीला" नेतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. थेट निवडणुकीत सहल वाचते. पण सरपंच एका पॅनेलचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या पॅनेलचे, असे झाले की ठराव अडतात आणि नळपाण्याची योजना कागदावर राहते. सरपंचाला रोजचा कारभार चालवायचा असतो, म्हणून गावाला तो आपल्या मताने निवडावासा वाटणे स्वाभाविक आहे. राष्ट्रपतीचे काम तसे नाही. त्याला पंचासारखे उभे राहायचे असते.

मग कोणती पद्धत बरी?

आधी पदाकडे कोणते काम आहे ते पाहावे आणि मग निवडीची पद्धत ठरवावी. पंचाचे काम असेल तर अप्रत्यक्ष निवडणूक पुरते आणि शोभतेही. मात्र निवडणारे एकाच पक्षाचे नसावेत, मतदान गुप्त असावे आणि पसंतीक्रम असावा. भारताच्या पद्धतीत या गोष्टी बऱ्याच प्रमाणात आहेत, म्हणून ती टिकून आहे.

सरकारला अडवण्याचे काम असेल तर लोकांचा कौल हवा हे सिंगापूरचे म्हणणे पटण्यासारखे आहे. पण मग लढत होण्याइतके दार उघडे हवे. अटी इतक्या कडक की एकच उमेदवार पात्र ठरावा, तर थेट निवडणूक कायद्यात राहते आणि मतदार घरी. आमच्या मते दोन पद्धतींपैकी कुठली यापेक्षा, उमेदवार कोण होऊ शकतो आणि निवडणाऱ्यांना कोण निवडतो, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

आपल्या घरापुरते

राष्ट्रपती मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. महाराष्ट्राचे जे २८८ आमदार नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आले, ते पुढच्या राष्ट्रपतीला मत देतील. म्हणजे आमदाराला दिलेल्या मतातच राष्ट्रपतीचेही मत होते. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांना परदेशी राहूनही फॉर्म ६-अ भरून आपल्या गावच्या मतदारयादीत नाव घालता येते. मत द्यायला मात्र स्वतः तिथे जावे लागते. ओसीआय कार्डावर मत देता येत नाही.

इथे मत फक्त नागरिकांना, वयाच्या २१ व्या वर्षापासून आणि ते सक्तीचे आहे. योग्य कारणाशिवाय मत दिले नाही तर यादीतून नाव निघते. राष्ट्राध्यक्ष थर्मन यांची मुदत २०२९ मध्ये संपते. आज सेकंडरीच्या मोठ्या वर्गांत किंवा नॅशनल सर्व्हिसमध्ये असलेली आपली काही मुले तेव्हा मतदार असतील किंवा लवकरच होतील. नागरिकत्व घेताना नोकरी, घर आणि शाळा यांचा हिशेब आपण करतोच. मताचाही करावा. एका देशात नातू थेट मत देईल आणि दुसऱ्या देशात आजोबा आमदारामार्फत. दोन्ही मतांना किंमत आहे, पण मत न दिल्यास दोन्ही वाया जातात.

जाता जाता एक. आपल्या मंडळांतही हा प्रश्न असतो. कुठे सर्वसाधारण सभा थेट अध्यक्ष निवडते, तर कुठे सभा कार्यकारिणी निवडते आणि कार्यकारिणी आपल्यातून अध्यक्ष ठरवते. पुढच्या वार्षिक सभेला येण्याआधी मंडळाची घटना एकदा जरूर वाचावी. गणपतीच्या वर्गणीपासून दिवाळी कार्यक्रमाच्या हॉलपर्यंतचे निर्णय घेणारा माणूस आपण कसा निवडतो, हे माहीत असलेले बरे. आणि सभेला मुलांनाही घेऊन यावे. मत कसे देतात, कसे मोजतात आणि हरल्यावर एकत्र चहा कसा घेतात, हे त्यांना तिथे पाहायला मिळेल.